रुग्णालयातील जंतुसंसर्ग : प्रसार आणि प्रतिबंध

वार्षिक अहवाल हितचिंतकांच्या हाती देताना रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि देणगीदारांची नामावली यांसोबत आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाची माहितीही द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी निवडलेला विषय आमच्या जमाखर्चाशीही निगडित आहे. साबण, हातमोजे, जंतुनाशक द्रावणे, ऑटोक्लेव्हची देखभाल, चादरींची धुलाई आणि जैववैद्यकीय कचऱ्याची वाहतूक या नोंदी हिशेबपत्रकात दर वर्षी येतात. सोनोग्राफीचे यंत्र किंवा रुग्णवाहिका घेतल्याने रुग्णांची काय सोय झाली, हे चटकन दाखवता येते. या नोंदींविषयी तसे दाखवता येत नाही. कारण हा सारा खर्च काही घडू नये म्हणून केलेला असतो. असे काय घडू नये आणि ते टळते कसे, हे वाचकांसमोर मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

रुग्णालयजन्य संसर्ग म्हणजे काय?

रुग्ण दाखल होतेवेळी जो संसर्ग त्याच्या शरीरात नव्हता, सुप्तावस्थेतही नव्हता, आणि जो रुग्णालयातील वास्तव्यात अथवा उपचारांतून त्यास झाला, त्यास रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. सर्वसाधारणपणे दाखल झाल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर उद्भवलेला संसर्ग या सदरात मोजतात. शस्त्रक्रियेची जखम मात्र रुग्ण घरी गेल्यानंतरही चिघळू शकते. म्हणून तिच्यावर किमान ३० दिवस लक्ष ठेवावे लागते.

अशा संसर्गाचे चार प्रमुख प्रकार आहेत : लघवीच्या नळीमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णास होणारा न्यूमोनिया, आणि शिरेत ठेवलेल्या नळीवाटे रक्तात जाणारे जंतू. या चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. त्वचा, खोकला आणि मूत्राचा प्रवाह ही शरीराची नैसर्गिक तटबंदी असून, उपचारासाठी आपण तिला जाणीवपूर्वक खिंड पाडलेली असते. नळी रुग्णाचे प्राण वाचवते आणि तीच जंतूंना वाटही करून देते. म्हणूनच आवश्यकता संपताच नळी काढून टाकणे, हा संसर्ग टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तीव्र आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सुमारे ७ आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ रुग्णांना असा किमान एक संसर्ग होतो. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे दहांतील एक रुग्ण दगावतो. धर्मादाय रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ अधिक कठोर आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया करून चार दिवसांत घरी जाणारा मजूर जखमेत पू झाल्याने तीन आठवडे खाटेवर राहिला, तर त्याची मजुरी बुडते आणि त्याच्या सोबतीस राहिलेल्या बायकोचीही बुडते. भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट येथून आलेल्या आणि मोरभवनच्या बसस्थानकावर उतरून पायी रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाला शहरातील प्रत्येक जादा दिवस उसनवारीवर काढावा लागतो. मोफत उपचारांचे मोल एका टाळता येण्याजोग्या संसर्गाने नाहीसे होऊ शकते.

प्रश्न जुना आहे

रुग्णालयातच रोग पसरतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने सहजासहजी मान्य केली नाही. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के बाळंतिणी मरण पावल्या, तर दुसऱ्या विभागात ३ टक्क्यांहून कमी. इग्नाझ सेमेलवाईस या तरुण डॉक्टराने या तफावतीचा छडा लावला. त्याचे एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी बोटास जखम होऊन १८४७ मध्ये वारले आणि त्यांची लक्षणे बाळंतज्वरासारखीच होती. पहिल्या विभागातील डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. सेमेलवाईसने कक्षात येण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. जंतूंचा सिद्धान्त तोवर प्रस्थापित व्हावयाचा होता. तथापि ‘रोग आमच्या हातांनी नेला’ हे त्याचे म्हणणे पुष्कळ समव्यावसायिकांना अपमानास्पद वाटले आणि त्याच्या हयातीत या उपायाचा सार्वत्रिक स्वीकार झाला नाही.

आपल्या भागातही स्त्रियांच्या आरोग्याचा इतिहास याच प्रश्नाशी जोडलेला आहे. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाची स्थापना केली. संघाचे सीताबर्डीवरील सूतिकागृह नागपूरकरांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. घरातील अंधाऱ्या, कोंदट खोलीत, जुनेऱ्यावर होणारी बाळंतपणे हे त्या काळातील सर्वसाधारण चित्र होते. बाळंतज्वर आणि नाळेवाटे होणारा नवजात अर्भकाचा धनुर्वात यांनी कित्येक घरांत एकाच आठवड्यात पाळणा आणि आई दोन्ही हिरावून नेले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळ कापण्यास स्वच्छ पाते, बांधण्यास स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, ही ‘पाच स्वच्छता’ची शिकवण पुढे सुईणींपर्यंत आणि गावोगावच्या परिचारिकांपर्यंत पोहोचली. लसीकरण आणि संस्थेतील प्रसूती यांची जोड मिळाल्यानंतर २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. या यशाच्या मुळाशी कोणतेही महागडे यंत्र नव्हते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

जंतूंच्या वाटा

जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, हे समजल्याखेरीज प्रतिबंधाचे नियम कटकटीचे वाटतात. या वाटा मुख्यतः पुढीलप्रमाणे :

१. स्पर्श. ही सर्वांत वाहती वाट. कर्मचाऱ्याचे हात, स्टेथोस्कोप, रक्तदाबयंत्राचा पट्टा, खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, दाराची मूठ आणि अलीकडे प्रत्येकाच्या हातातील मोबाईल या वस्तू जंतूंच्या वाहक ठरतात.

२. थेंब. खोकताना, शिंकताना, बोलताना उडणारे मोठे तुषार थोड्या अंतरावर खाली पडतात. घटसर्प आणि डांग्या खोकला असे पसरतात. स्वाईन फ्लूच्या प्रसारातही या वाटेचा वाटा मोठा आहे.

३. हवा. अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात व खोलीभर पसरतात. क्षयरोग, गोवर आणि कांजिण्या यांचा प्रसार असा होतो. कोविडच्या साथीत बंद, कोंदट जागेत तो विषाणूही हवेतून पसरतो, हे स्पष्ट झाले.

४. रक्त व शरीरद्रव. वापरलेली सुई, सदोष रक्त, जखमेतील स्राव. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही या वाटेने जातात.

५. पाणी व अन्न. अतिसार, विषमज्वर, हिपॅटायटिस ए. रुग्णालयाचे स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी यांचा संबंध येथे येतो.

६. कीटक. डेंग्यू व हिवताप यांचा डास रुग्णाच्या खाटेपाशीही चावतो. तापाच्या रुग्णास दिवसाही मच्छरदाणी देतात ती इतरांच्या रक्षणासाठी.

कोणता रोग कोणत्या वाटेने जातो, हे ठाऊक असल्याने अनाठायी भीतीही टळते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, तेव्हा शेजारच्या खाटेवरील नातेवाईक धास्तावले होते. हा रोग गवतातील बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने होतो. तो एका रुग्णाकडून दुसऱ्यास लागत नाही. नागपूरजवळच्या ज्या गावावरून चांदीपुरा विषाणूस १९६५ मध्ये नाव मिळाले, तो विषाणूही वाळूमाशीच्या चाव्यातून जातो. अशा रुग्णास वेगळे ठेवण्याचे कारण नसते. गरज असते ती लवकर निदानाची. उलट, दोन आठवडे खोकला असलेला रुग्ण बाह्यरुग्ण विभागातील गर्दीच्या बाकावर तासभर बसणे, हे धोक्याचे असते.

हात

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेचे पाच प्रसंग निश्चित केले. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी. इंजेक्शन, ड्रेसिंग अशा निर्जंतुक कृतीपूर्वी. रक्त वा शरीरद्रवाशी संपर्क येण्याचा संभव झाल्यावर. रुग्णास स्पर्श केल्यानंतर. आणि रुग्णाच्या खाटेजवळील वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. शेवटचा प्रसंग सर्वाधिक विसरला जातो. डॉक्टर केवळ केसपेपर पाहून आणि सलाईनचा वेग बदलून पुढच्या खाटेकडे वळतात; रुग्णास हात लागलेला नसतो, पण कठड्यावरचे जंतू सोबत निघालेले असतात.

अल्कोहोलयुक्त द्रावण हातांवर २० ते ३० सेकंद चोळल्याने बहुतेक जंतू मरतात. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील, अथवा रुग्णास अतिसार असेल, तर साबण व वाहत्या पाण्याने ४० ते ६० सेकंद धुणेच योग्य. अतिसाराच्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. बोटांच्या पेरांमधील जागा, अंगठा आणि नखांच्या कडा या राहून जाणाऱ्या जागा आहेत. अंगठी, बांगड्या, घड्याळ यांखाली जंतू टिकतात. म्हणून रुग्णसेवेत असताना ती उतरवण्याची अपेक्षा असते. हातमोजे हा हात धुण्यास पर्याय नव्हे. मोजे घालून एकामागून एक तीन रुग्णांना हाताळणाऱ्या व्यक्तीने स्वतःचे रक्षण केलेले असते, रुग्णांचे नव्हे.

हे सारे सोपे आहे, तर घडत का नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. एका परिचारिकेकडे वीस-पंचवीस रुग्ण असले, तर पाच प्रसंगांच्या हिशेबाने एका पाळीत तिला शंभराहून अधिक वेळा हात स्वच्छ करावे लागतात. बेसिन कक्षाच्या दुसऱ्या टोकाला असेल, नळास पाणी नसेल, पुसण्यास कोरडा कागद नसेल, तर केवळ उपदेशाने काही साधत नाही. यास्तव द्रावणाची बाटली प्रत्येक खाटेपाशी हाताच्या अंतरावर ठेवणे, कोपराने चालू होणारे नळ बसवणे आणि पाळीतील परिचारिकांची संख्या पुरेशी राखणे, हे संसर्ग नियंत्रणाचे खरे उपाय होत.

निर्जंतुकीकरण

स्वच्छ करणे, जंतूंची संख्या घटवणे आणि निर्जंतुक करणे या तीन भिन्न पायऱ्या आहेत. फरशी आणि खाट स्वच्छ असणे पुरेसे. घशात जाणाऱ्या उपकरणासाठी उच्च प्रतीची जंतुनाशक प्रक्रिया आवश्यक. आणि ऊतींत वा रक्तात शिरणारे प्रत्येक उपकरण पूर्णतः निर्जंतुक असावे लागते. उपकरणे केवळ पाण्यात उकळण्याची जुनी पद्धत या शेवटच्या पायरीस अपुरी आहे; कारण धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकून राहतात.

ऑटोक्लेव्हमध्ये वाफ दाबाखाली १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापते. गुंडाळलेल्या संचासाठी हे तापमान साधारण अर्धा तास टिकवावे लागते. तथापि वाफ जेथे पोहोचली नाही, तेथे काहीच निर्जंतुक होत नाही. ड्रम ठासून भरला, उपकरणावर वाळलेले रक्त राहिले किंवा कात्रीचे पाते मिटलेले राहिले, तर त्या जागी जंतू सुरक्षित राहतात. संचावर लावलेल्या पट्टीच्या रेषा काळ्या पडतात, त्यावरून संच उष्णतेतून गेला एवढेच कळते. जंतू खरोखर मेले की नाही, हे तपासण्यासाठी अत्यंत चिवट अशा निरुपद्रवी बीजाणूंची कुपी मधूनमधून यंत्रात ठेवतात व नंतर ती उबवून पाहतात. त्यात वाढ दिसली नाही, तरच यंत्रावर विश्वास ठेवायचा. ऑटोक्लेव्ह घेण्यास देणगी मिळते. या कुप्या आणि यंत्राचे रबरी गास्केट घेण्याचा खर्च मात्र नियमित खर्चातून काढावा लागतो.

सांडलेले रक्त पुसण्यासाठी हायपोक्लोराइटचे एक टक्का द्रावण वापरतात. उष्णतेने व प्रकाशाने ते निकामी होत जाते. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीशी ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतील द्रावणाला वास येतो, पण त्याची शक्ती ओसरलेली असू शकते. म्हणून ते सावलीत, अपारदर्शक डब्यात ठेवावे आणि कामाचे द्रावण रोज नवे करावे, असा नियम आहे.

हवा आणि नागपूरचा उन्हाळा

जुन्या रुग्णालयांच्या इमारतींत उंच छत, समोरासमोर खिडक्या आणि रुंद व्हरांडे असत. क्षयरोगावर औषध नव्हते त्या काळी बांधणाऱ्यांनी हवेलाच औषध मानले होते, आणि त्यात तथ्य होते. खोलीतील हवा जितक्या वेळा बदलते, तितके तरंगते कण विरळ होतात.

पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला, की नागपूरकर वाळ्याच्या ताट्यांच्या काळापासून दारे-खिडक्या मिटून बसत आले आहेत. येथे थोडे विवेचन आवश्यक आहे. भिंतीवरील वातानुकूलन यंत्र बहुधा खोलीतीलच हवा पुनःपुन्हा थंड करते. खोली थंड होते, हवा मात्र तीच राहते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी ठेवली, तर तो हवा बदलण्यास उपकारक ठरतो, आणि खिडकी बंद ठेवली तर केवळ दमटपणा वाढतो. म्हणून सर्वसाधारण कक्षात कूलर चालू असताना विरुद्ध बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवण्यास आम्ही सांगतो. ‘झळा आत येतात’ अशी नातेवाइकांची तक्रार असते; ती समजण्यासारखी आहे, पण या नियमामागे कारण आहे. शस्त्रक्रियागृहात व अतिदक्षता विभागात मात्र गाळलेली हवाच लागते. तेथे कूलरला स्थान नाही.

कूलरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या टाकीतील स्वच्छ, साचलेले पाणी डेंग्यूच्या डासास आवडते. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि टाकीच्या कडेला चिकटलेली अंडी पाणी आटल्यावरही कित्येक महिने तग धरतात. पाऊस सुरू होताच कूलर बंद होतो, पाणी तसेच राहते, आणि पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण त्याच कक्षात दाखल होतात. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, कडा घासून, कोरडी करणे हा आमच्याकडे संसर्ग नियंत्रणाचाच भाग आहे. घरीही तो पाळावा.

सेवा करणाऱ्यांचे संरक्षण

संसर्ग रुग्णाकडून सेवकाकडेही जातो. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्या शहराबाहेरील दवाखान्यात रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा केली आणि त्यातच प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. पुढच्याच महिन्यात मुंबईतील एका मोठ्या खाजगी रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टर बाधित आढळल्याने ते रुग्णालय बंद ठेवावे लागले. सेवक आजारी पडला, की त्याच्या कुटुंबाबरोबर शेकडो रुग्णही उघड्यावर पडतात.

साथ नसतानाही सुई टोचण्याचा धोका रोजचा आहे. बाधित रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. म्हणून वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण लावू नये, सुई जागीच नष्ट करावी, आणि डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांना हिपॅटायटिस बीच्या लसीच्या तीन मात्रा मिळाव्यात. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन त्वरित कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. रागावतील या भीतीने जी मावशी असा प्रसंग लपवते, तिचे संरक्षण कोणीच करू शकत नाही. कळवणाऱ्याला दोष न देणे, हाही म्हणूनच प्रतिबंधाचा एक नियम ठरतो.

रक्त देताना हीच दक्षता रुग्णासाठी घ्यावी लागते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. थॅलेसिमियाच्या बालकांना तर वरचेवर रक्त लागते. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसिमियाच्या चार बालकांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे व त्यांपैकी एकाचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली. रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ पासून बंधनकारक होत गेली आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. तरीही संसर्गानंतरचे काही दिवस असे असतात, की तपासणीत विषाणू दिसत नाही. न्यूक्लिक ॲसिड तपासणीने हा काळ कमी होतो, शून्य होत नाही. यास्तव नियमित, स्वेच्छेने रक्त देणारा आणि प्रश्नावलीस प्रामाणिक उत्तरे देणारा रक्तदाता हाच सुरक्षित रक्ताचा पाया आहे.

कचरा आणि प्रतिजैविके

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये त्यांची नव्याने रचना झाली. पिवळ्या पिशवीत मानवी ऊती, रक्ताळलेला कापूस व ड्रेसिंग. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. पांढऱ्या, न छेदणाऱ्या डब्यात सुया व पाती. निळ्या खुणेच्या पेटीत काचेच्या कुप्या. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. वर्गीकरण खाटेपाशीच झाले पाहिजे. एक सुई चुकून साध्या कचऱ्यात गेली, तर ती भांडेवाडीच्या डेपोवर कचरा वेचणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या बोटात शिरते, आणि तिच्या पायात रुग्णालयाने दिलेले बूट नसतात, हातात मोजे नसतात.

प्रतिजैविकांविषयी थोडक्यात सांगायचे तर, अनावश्यक वापराने औषधांना दाद न देणारे जंतू निर्माण होतात आणि ते रुग्णालयातच सर्वाधिक टिकतात. भारत सरकारने २०१७ मध्ये याविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. साध्या सर्दीसाठी ‘जोराचे औषध द्या’ असा आग्रह न धरणे आणि दिलेली मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे पूर्ण करणे, हा यातील रुग्णाचा वाटा आहे.

भेटीस येणाऱ्यांना विनंती

आजारी माणसास भेटणे ही आपल्याकडील माणुसकीची रीत आहे. गावाहून एस.टी.ने आलेले आठ-दहा आप्त दारावर अडवले जातात तेव्हा त्यांना वाईट वाटते आणि दारावरील शिपायाशी वाद होतो. आमचे सांगणे इतकेच, की प्रेम कमी नाही. मात्र प्रत्येक अधिकच्या माणसाबरोबर दोन हात कक्षात येतात. यास्तव कृपया पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. पासधारक एकच व्यक्ती सोबतीस राहावी. भेटीच्या वेळी एका वेळेस दोघांनीच यावे.

२. कक्षात येताना व बाहेर जाताना हात स्वच्छ करावेत. चपला बाहेर काढणे चांगले, पण त्याने हात स्वच्छ होत नाहीत.

३. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. शेजारच्या रुग्णास पाणी देण्याची, उठवून बसवण्याची मदत जरूर करावी. तत्पूर्वी व नंतर हात धुवावेत.

४. सर्दी, ताप, जुलाब अथवा अंगावर पुरळ असल्यास भेट पुढे ढकलावी. लहान मुलांस सोबत आणू नये.

५. नवजात बाळास हातोहात फिरवू नये, त्याचे मुके घेऊ नयेत. मध, घुट्टी, काजळ टाळावे. नाळेस काहीही लावू नये. आईचे दूध आणि आईच्या छातीशी त्वचेस त्वचा लावून मिळणारी ऊब हे त्याचे सर्वोत्तम संरक्षण.

६. डॉक्टर वा सिस्टर हात न धुता रुग्णास तपासू लागल्या, तर नम्रपणे आठवण करून द्यावी. असे विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. त्याचा कोणासही राग येऊ नये, अशी सूचना आम्ही कर्मचाऱ्यांस दिलेली आहे.

देणगीदारांस निवेदन

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये आरोग्यसंस्थांतील संसर्ग प्रतिबंध व नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत संसर्ग नियंत्रण समिती, प्रशिक्षित परिचारिका, नियमित मोजणी आणि सर्व स्तरांवरील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांवर भर आहे. यांपैकी बहुतेक बाबींना नामफलक लावता येत नाही. कोपराच्या नळाचे बेसिन, खाटेपाशी द्रावणाची बाटली, सफाई कामगारांसाठी जाड मोजे व गमबूट, ऑटोक्लेव्हच्या तपासणीच्या कुप्या, आणि रात्रपाळीत आणखी एक परिचारिका, या देणग्यांचे छायाचित्र अहवालात छापून येत नाही. तथापि वीस खाटांच्या कक्षातून शस्त्रक्रियेचा रुग्ण ठरलेल्या दिवशी, कोरड्या जखमेनिशी, आपल्या पायांनी चालत मोरभवनची बस गाठतो, त्यामागे नेमक्या याच गोष्टी असतात.

हितचिंतकांनी देणगी देताना या बाबींचाही विचार करावा आणि भेटीस येताना वरील नियमांत आम्हांस साथ द्यावी, ही विनंती.